विचारल्याशिवाय नाही

माझ्या नवऱ्याची ती काळी बॅग अजून माळ्यावर पडली आहे. मी ती फेकत नाही, कारण फेकायला काढली तर हे विचारतील, आणि एकदा विषय निघाला की तासभर थांबणार नाहीत. उभ्या नोकरीत ज्या बॅगेबद्दल या माणसानं चकार शब्द काढला नाही, तिच्यावर आता म्हातारपणी भरभरून बोलतात. हेच तेव्हा बोलले असते तर माझं अर्धं रक्त आटायचं वाचलं असतं.

दिवस शनिवारचा धरा, महिना मे. भिलाईच्या मे महिन्यात भरदुपारी रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं. अशात आमचे हे काळा सूट, काळा टाय, काळे बूट घालून, ती बॅग पायाशी ठेवून स्कूटरला किक मारताहेत. कुठे चालले? लॉजमध्ये. कशाला? ते सांगता येत नाही. कधी येणार? ते नक्की नाही. जेवून येणार का? हो, ते मात्र नक्की. घामानं भिजलेला तो सूट रविवारी सकाळी दोरीवर टाकताना मी काय काय बोलायची, ते शेजारच्या क्वार्टरपर्यंत ऐकू जायचं.

हे फ्रीमेसन होते. फ्रीमेसन म्हणजे पुरुषांची एक जुनी, जगभर पसरलेली मंडळी. एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणतात, दानधर्म करतात, आणि बंद दाराआड काय करतात ते बाहेर सांगत नाहीत. एवढं मलाही ठाऊक होतं, कारण एवढंच मला सांगितलेलं होतं. गावाच्या कडेला त्यांची इमारत होती, तिलाच लॉज म्हणायचे, खिडक्या बारा महिने बंद. खुर्सीपारहून आमच्याकडे भांड्याला येणारी बाई तिला भूत-बंगला म्हणायची. ‘साहब मन भीतरी म का करथें दीदी?’ साहेब लोक आत काय करतात, असं ती दर सोमवारी विचारायची. मले सांगतील तेव्हा तुले सांगीन ना माय, असं मी दर सोमवारी उत्तर द्यायची.

खोटं कशाला बोलू, काम चांगलं करायचे. डोळ्यांची शिबिरं भरवायचे, थंडीत ब्लँकेटं वाटायचे, शिवनाथ नदीच्या काठी सगळ्या घरांची मिळून सहल काढायचे. वर्षातून एकदा बायकांसाठी खास संध्याकाळ असायची. त्या संध्याकाळी प्रत्येकीच्या हातात एक गुलाब द्यायचे आणि आमच्या सहनशक्तीचं कौतुक करणारं इंग्रजी भाषण करायचे. भाषण संपलं की आम्ही टाळ्या वाजवायच्या आणि उद्यापासून पुन्हा सहन करायचं.

आणि त्यांचं ते जाणं-येणं! आज दुर्गच्या लॉजमध्ये कार्यक्रम, इथले सगळे तिकडे. पुढच्या महिन्यात रायपूर, मग नागपूर. तिकडच्यांनी इकडे यायचं, इकडच्यांनी तिकडे जायचं, गळाभेटी घ्यायच्या, जेवायचं. शिवाय त्यांचं आतलं जे काही बोलणं असतं ते पुस्तकात बघून म्हणायचं नाही, शब्दन् शब्द पाठ लागतो. हे बाथरूममध्ये नळ सोडून पाठांतर करायचे, म्हणजे बाहेर ऐकू येऊ नये. बादली भरून वाहायची. उन्हाळ्यात पाणी घटकाभर यायचं, आणि ते यांच्या इंग्रजीवर वाहून जायचं! पानंच्या पानं पाठ करणाऱ्या या माणसाला बाजारातून आणायला सांगितलेली कोथिंबीर मात्र एकदाही लक्षात राहिली नाही.

हे सगळं मी सोसलं असतं. पण यात माझा दादा अडकला.

दादा माझ्याहून बराच मोठा. आमचे बाबा लवकर गेले तेव्हा मी परकरात होते. भंडाऱ्याकडचं आमचं खेडं सोडून दादा भिलाईच्या प्लांटात स्टोअर्सला क्लार्क लागला आणि तिथून त्यानं मला शिकवलं. माझं स्थळही त्यानंच पाहिलं. रोलिंग मिलमध्ये नवा लागलेला नागपूरचा इंजिनियर, आपल्यातला आहे, कँटीनमध्ये ताटात अन्न टाकत नाही, एवढी चौकशी करून दादा यांच्या घरी बोलणी करायला गेला होता. लग्नानंतर मी सेक्टरच्या क्वार्टरमध्ये आणि दादा हुडको कॉलनीत. दर रविवारी दादा आणि वहिनी आमच्याकडे जेवायला. दादा मला ‘बाई’ म्हणायचा, यांना ‘जवाईबापू’, आणि हे त्याला ‘दादा’च म्हणायचे. आई गेल्यावर माझं माहेर म्हणजे हुडकोतलं ते दोन खोल्यांचं घर, बाकी काही नाही.

एका वर्षी यांच्या अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात दादा रोज ड्युटी सुटली की यायचा. तिथं त्यानं पाहिलं, यांचे ब्रदर लोक पाळी लावून बसताहेत. एक सरदारजी, एक बंगाली बाबू, एक केरळचा, एक तर रायपूरहून बस पकडून आलेला पारशी म्हातारा, ज्याला मी त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं. त्यानं घरून सूप आणलेलं. दादा बाकड्यावर बसून हे सगळं बघत होता. घरी जाताना मला म्हणाला, ‘बाई, आपल्यासाठी असं कोणी यीन का वं?’

त्या दिवसापासून दादाच्या मनात ते बसलं. मला लगेच कळलं. यांनाही कळलं. कळलं नाही असं फक्त दाखवत होते.

रविवारी जेवताना दादा हळूच विषय काढायचा. ‘जवाईबापू, तुमच्यात सगळ्या धर्माचे लोक असतात म्हणे?’ हे म्हणायचे, ‘हव.’ ‘सगळ्यांचे ग्रंथ ठेवता म्हणे एका टेबलावर?’ ‘हव.’ ‘चांगली गोष्ट आहे बावा,’ असं म्हणून दादा थांबायचा. यांच्या तोंडाकडे बघत राहायचा. हे ताटाकडे बघायचे आणि मला म्हणायचे, वरण वाढ. मी वरण वाढायची आणि मनात म्हणायची, अरे देवा, एक वाक्य बोल ना रे बाप्पा!

दादा गेला की मी यांना धरायची.

‘त्याचं मन आहे तुमच्यात यायचं. दिसत नाही का तुमाले?’

‘दिसते.’

‘मग म्हणा ना, चला म्हणून.’

‘तसं म्हणता येत नाही.’

‘कावून?’

‘नाही येत.’

झालं. यापुढे भिंतीवर डोकं आपटा. मला वाटलं, दादा क्लार्क आहे, हे ऑफिसर आहेत, तिथं सगळे बडे लोक असतील, मेव्हणा क्लार्क म्हणून सांगायची यांना लाज वाटत असेल. दादालाही तेच वाटलं. तो बोलला नाही, पण त्यानं विषय काढणं कमी केलं, मग पँट-शर्टाची इस्त्री जरा कडक करून यायला लागला, आणि माझा जीव तीळ तीळ तुटायला लागला. अशी वर्षं गेली. खरंच वर्षं गेली, महिने नाही.

मग हे गादीवर बसणार असं ठरलं. लॉजचा प्रमुख दर वर्षी नवा होतो, पूर्वेच्या खुर्चीत बसतो, आणि त्या दिवशी आजूबाजूच्या सगळ्या लॉजचे लोक येतात. दुर्ग, रायपूर, बिलासपूर, नागपूर, सगळीकडचे काळे सूट. यांनी जाहीर केलं की या वर्षी जेवण हॉटेलचं नको, आपल्या पद्धतीचं करू. ‘आपल्या’ म्हणजे कोणाच्या? माझ्या! एवढ्या लोकांचा गोळाभात, पाटवडीचा रस्सा, कढी. आत काय चालतं ते बायकांना कळू द्यायचं नाही, भूक लागली की मात्र बायका चालतात.

दादानं सगळं अंगावर घेतलं. मी म्हटलंही नव्हतं. दुर्गच्या बाजारातून भाजी आणली, आचारी ठरवला, मोठी पातेली आणली, लॉजच्या मागच्या व्हरांड्यात चुली मांडून दिल्या. त्या दिवशी त्यानं लग्नातला कोट घातला होता. मी बेसनाचे गोळे वळत होते, आणि दादा सारखा पुढच्या बाजूला जाऊन पाहुणे आले का बघत होता. या, या, बसा, पाणी घ्या, असं जणू त्याच्याच घरचं कार्य.

मला मिठाचा डबा सापडेना, म्हणून मी दादाला शोधत पुढे आले. सभागृहाच्या दाराशी त्यांचा पहारेकरी ब्रदर उभा होता, हातात नंगी तलवार. ही त्यांची रीतच आहे, सभा सुरू व्हायची वेळ झाली की बाहेर एक जण तलवार घेऊन राहतो. पाहुणे एकेक करून आत चालले होते. दादा दाराच्या बाजूला हात बांधून उभा. तलवारवाल्यानं त्याला अदबीनं विचारलं, ‘आप?’

दादा म्हणाला, ‘मैं खाने की तरफ से हूँ.’

तेवढ्यात दुर्गच्या लॉजची मंडळी आली. त्यांच्यात काळ्या सुटातला एक माणूस, हातात तीच काळी बॅग. दादाला बघून थांबला. ‘दादा, तुमी इथं?’ म्हणाला. मी त्याला ओळखत होते. दुर्गच्या मोहन नगरातून सायकलनं प्लांटात यायचा. दादाच्या स्टोअर्समधला क्लार्क, दादाच्याच हाताखालचा. दादानं त्याला काम शिकवलं होतं. तो नमस्कार करून आत गेला, तलवार बाजूला झाली, मग दार बंद झालं.

दादा त्या दाराकडे बघत राहिला. मी त्याचा चेहरा पाहिला. क्लार्कला घेतात. म्हणजे क्लार्क आहे म्हणून अडलं नव्हतं. म्हणजे दादाच नको होता.

‘दादा, मिठाचा डबा कुठं आहे?’ मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

‘चुलीमागं ठेवला ना बाई,’ तो म्हणाला आणि मागे आला. पंगत उठेपर्यंत वाढत राहिला. गोळ्यांवर फोडणीचं तेल स्वतः घालत होता, पाहुण्यांना आग्रह करत होता. हे फुलांचा हार घालून मधोमध बसले होते. सगळे जेवले, आणि दादा न जेवता निघून गेला. वहिनीचं डोकं दुखते, असं आचाऱ्याजवळ सांगून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग यायचंच बंद झालं. कधी ओव्हरटाइम, कधी पाय दुखतो, कधी पाहुणे. हे म्हणायचे, ‘दादा आले नाही बरेच दिवसात?’ आणि मी यांच्याकडे अशी बघायची की हे पेपर उघडायचे.

भाऊबीज आली. मी पाट मांडला, रांगोळी काढली, ताट तयार ठेवलं. दुपार झाली, प्लांटचा भोंगा झाला, दादा आला नाही. माझ्या लग्नानंतर असं कधी झालं नव्हतं. संध्याकाळी मी ताटच उचललं, रुमालात बांधलं आणि रिक्षा करून हुडकोला गेले. दादानं मुकाट्यानं ओवाळून घेतलं. वहिनी दाराआड उभी राहून डोळे पुसत होती. मी म्हटलं, ‘दादा, माझ्याशी कायचा राग? मी काय केलं?’

‘तुझ्यावर कायले रागवीन बाई,’ तो म्हणाला. ‘जवाईबापूचे गावोगावी भाऊ आहेत. त्यात मी नाही बसत. एवढं समजाले मले इतके वर्ष लागले, मीच भैताड.’ मग म्हणाला, ‘होळीनंतर रिटायर होऊन राहिलो. क्वार्टर सोडतो आणि गावाकडं जातो. इथं काय ठेवलं आता.’

परत येताना रिक्षात मी रडले नाही. मी दात ओठ खात होते. घरात शिरले आणि चप्पल काढायच्या आधी तोंड सोडलं. माझा भाऊ चालला गाव सोडून! तुमच्यामुळं! ज्यानं तुमाले शोधून आणलं, त्याले तुमी दाराबाहेर उभं केलं, आणि त्याच्या हाताखालच्याले आत घेतलं! काय चुकलं त्याचं? कपडे? इंग्रजी? सांगा, आज सांगितल्याशिवाय मी सैपाकघरात पाय ठेवणार नाही!

हे खुर्चीवर बसले होते. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि म्हणाले, ‘त्यांनी विचारलं नाही.’

‘काय?’

‘त्यांनी विचारलं नाही. आमच्यात कोणाले बोलावता येत नाही. ज्याले यायचं त्यानं आपल्या मनानं विचारावं लागते, मले घ्या म्हणून. आम्ही चला म्हणायचं नाही, सुचवायचं पण नाही. त्या दुर्गवाल्या पोरानं विचारलं, त्याले घेतलं. दादा एक शब्द बोलले असते त मी त्याच दिवशी त्यांचं नाव दिलं असतं. मी वाट पाहून राहिलो ना. किती वर्षं झाले, दर रविवारी वाटते, आज विचारतील. ते विषय काढतात आणि थांबून जातात.’

म्हणजे वरण वाढ, वरण वाढ म्हणत होते तेव्हा हे वाट बघत होते! एक ताटाच्या या बाजूला बसून म्हणतोय, हा बोलवत कावून नाही. दुसरा त्या बाजूला बसून म्हणतोय, हा विचारत कावून नाही. आणि मी मधे वरणाचं भांडं घेऊन उभी. इतकी वर्षं!

‘मले सांगाले काय धाड भरली होती?’ मी ओरडले.

‘तुले सांगितलं असतं त तू त्यांले सांगितलं असतं.’

‘हव, सांगितलंच असतं!’

‘म्हणूनच,’ हे म्हणाले. ‘मग ते त्यांच्या मनातलं नसतं राहिलं. तुझं राहिलं असतं.’

हे खरंच मनापासून बोलत होते, हेच तर जास्त संतापाचं. यांना वाटत होतं की गप्प बसून हे दादाचा मान राखताहेत. मग त्याच झपाट्यात मी सगळं काढून घेतलं. विचारल्यावर काय होतं? तर सगळे मत देतात, गुपचूप, पांढरी नाहीतर काळी गोटी टाकून. एकानं जरी नाही म्हटलं तरी माणूस बाहेर. शाबास, म्हटलं, आणि यालाच भाऊपणा म्हणता!

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा हुडकोला. नियम गेला खड्ड्यात. दादाला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, विचारायचं असतं, गोट्या असतात, सगळं. वाटलं, दादा हसेल, कपाळावर हात मारेल, आणि सुटेल एकदाचं.

दादा ऐकत गेला तसा लाल होत गेला. ‘म्हणजे आता मी विचारू?’ म्हणाला. ‘बहिणीनं सांगितलं म्हणून जाऊ हात जोडून? इतके वर्ष त्यांले दिसत होतं माझ्या मनात काय आहे ते. घरचा माणूस आहे मी. घरच्यांना अर्ज कराले लावते का कोणी? आता त मुळीच नाही विचारत.’

‘अरे पण त्यांचा नियम आहे ना दादा!’

‘नियम त्यांच्या दारात. मी त्यांच्या पानावर बसत होतो ना, त्यांच्या घरात. तिथं कायचा नियम?’

हे खरं होतं. त्याचंही खरं, यांचंही खरं. दोघंही आपापलं खरं घेऊन बसले, आणि माझं माहेर ट्रंकांत भरलं जाऊ लागलं. थंडी अशीच गेली. वहिनीनं लोणच्याच्या बरण्या शेजाऱ्यांना वाटून टाकल्या. मी यांच्याशी कामापुरतं बोलत होते. हे शनिवारी बॅग उचलून जायचे आणि मी दारापर्यंतही जात नव्हते. गादीवर बसलेला माणूस घरात चोरासारखा वावरत होता, पण हुडकोला जाऊन दोन शब्द बोलेल तर शपथ.

होळी झाली. दादा रिटायर झाला. निघायला आठवडा उरला, आणि रविवारी सकाळी मी यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

‘तुमच्यात असं आहे ना,’ मी म्हटलं, ‘की ज्याले आत यायचं त्यानं विचारायचं? दुसऱ्यानं बोलवायची वाट नाही पाहायची?’

‘हव.’

‘मग दादाचं दार तुमच्यासाठी कधीचं बंद आहे. तुमाले आत जायचं आहे का नाही?’

हे बघतच राहिले.

‘जायचं असन त विचारा. मी नाही विचारणार, दुसरं कोणी नाही विचारणार. आपल्या मनानं विचारा. नसन जायचं त राहू द्या, पण मग पुन्हा त्या बॅगेले हात लावून भाऊ-भाऊ करू नका माझ्यासमोर.’

हे उठले, आत गेले. मला वाटलं पेपर घेऊन झोपले असतील. थोड्या वेळानं बाहेर आले ते काळा सूट घालून! टाय, बूट, सगळं. ऊन असं तापलेलं आणि हा अवतार.

‘हे काय?’ मी म्हटलं.

‘विचाराले जायचं त नीट कपड्यात गेलं पाहिजे,’ हे म्हणाले.

मी कपाळावर हात मारला आणि स्कूटरवर मागे बसले. हुडकोच्या गल्लीत पोट्टे आमच्या मागं पळत होते, कोणाचं लग्न आहे म्हणून विचारत होते. दादाचं दार उघडंच होतं, आत ट्रंका दिसत होत्या. तरी यांनी चौकटीवर बोटांनी तीन वेळा वाजवलं आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. दादा बनियन-लुंगीवर बाहेर आला. यांना बघून त्याचा हात नकळत बनियन सरळ करायला गेला.

‘या,’ असं तो म्हणाला नाही. हेही आत गेले नाहीत. माझ्या तोंडाशी शब्द आले होते, मी पदर तोंडात कोंबला.

‘दादा,’ हे म्हणाले. आवाज कापत होता, भर सभेत पानंच्या पानं म्हणणाऱ्या माणसाचा. ‘मले तुमच्या घरी जेवाले घ्याल का?’

दादा बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले ते मला यांच्या मागून दिसलं. पण माझाच भाऊ तो, लगेच कसा विरघळेल! घसा खाकरून म्हणाला, ‘विचार करावा लागन. आमच्या घरी पण मत घेतो आम्ही. एक जरी नाही म्हणाला त नाही.’ आणि आत वळून हाक मारली, ‘ऐकलं का? जवाईबापू विचारून राहिले, जेवाले घ्या म्हणून. तुझं काय मत?’

आतून वहिनीचा आवाज आला, ‘मत कायचं! त्यांले म्हणा कोट काढा आणि हात धुवा, वरण निवून राहिलं!’

हे उंबरा ओलांडून आत गेले. दादानं स्वतः त्यांचा कोट काढून घेतला आणि ट्रंकेवर नीट घडी करून ठेवला. दोघं शेजारी शेजारी पाटावर बसले. मी वाढत होते, आणि वरणाचं तेच भांडं हातात घेऊन मला एकदम सगळे गेलेले रविवार आठवले, तेव्हा दोघांच्याही पाठीत धपाटे घालावेसे वाटले.

हात धुताना यांनी हळू आवाजात विचारलं, ‘दादा, अजून वेळ गेली नाही. एकदा म्हणा ना तुमी. त्याच दिवशी नाव देईन.’

असं सुचवायचं नसतं. हे यांनी सगळ्यात मोठा नियम मोडून म्हटलं होतं, आणि आता दादाला ते माहीत होतं. त्यानं टॉवेल यांच्या हातात दिला. ‘आता कायले जवाईबापू,’ म्हणाला. ‘आता तुमीच आमच्यात आले.’